पापलेटचा क्षय

कोळीवाड्याच्या हॉलमध्ये भर दुपारी काळोख होता. खिडक्यांना काळे पडदे, मधोमध एकच निरांजन, पलीकडे मृगाजिनावर ज्योतिर्बाबा आणि त्यांच्या उजव्या हाताला रंगीत टीव्ही. दीडशे माणसं त्या टीव्हीकडे डोळे लावून बसली होती. एक म्हातारे गृहस्थ पाटावर बसले. बाबांनी टीव्हीला वायरने जोडलेला छोटासा कॅमेरा डोळ्याला लावला. खट्ट! टीव्हीवर आजोबांचा चेहरा उमटला. गालांवर, छातीवर, मागच्या काळोखातसुद्धा लाल, हिरवे, निळे ठिपके नुसते बुजबुजले होते.

"लाल तो कफ, हिरवं ते पित्त, निळा तो वात!" बाबा गरजले. "आणि रोल कुठाय? शोधा! रोलच नाही! रोल असता तर स्टुडिओवाल्याने धुताना लबाडी केली असती. इथे धुणं नाही, निगेटिव्ह नाही. आत्म्यातून थेट टीव्हीवर!"

गर्दीने हात जोडले. ही १९९९ सालची गोष्ट. बिनरोलचा कॅमेरा ठाण्यात फारच थोड्यांनी पाहिला होता. मात्र फोटोत लबाडी होते ती रोल धुताना, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा रोल नाही म्हणजे लबाडी नाही, असा सरळ हिशेब.

बाबांची रीत ठरलेली होती. पहिल्या बैठकीला एक निरांजन, दुसऱ्या बैठकीला तीन, तिसऱ्या बैठकीला पाच. "रोग विझत जाईल तशी ज्योत वाढवायची." आणि खरोखरच दर बैठकीला ठिपके कमी होत.

मी दाराजवळ, चपलांच्या ढिगाशी उभा होतो आणि आलो याचा पश्चात्ताप करत होतो. नौपाड्यातल्या वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. 'शांतता राखा' ही भिंतीवरची पाटी, एवढंच माझं जाहीर वक्तृत्व.

आलो होतो तो आवडाबाईंमुळे. त्या वीस वर्षं आमच्या दारी मासे आणतात. मागच्या शुक्रवारी त्या कोलंबी मोजून देत असताना मी त्यांच्या मुलीची चौकशी केली. मंजुळा एकोणीस वर्षांची, तिला क्षय झालेला.

"बरी हाय. गोळ्या बंद केल्या," आवडाबाई म्हणाल्या.

"बंद? अहो, डॉक्टर म्हणाले होते ना, सहा महिने खाडा नको म्हणून?"

"डाक्टर काळा एक्स-रे दाखवतो, अण्णा. बाबा रंगीत दाखवतो. पयल्या बैठकीला पोरीची छाती म्हंजे रांगोली. दुसऱ्या बैठकीला निम्मी. आता तिसरी झाली का संपलं."

"आणि खोकला?"

आवडाबाईंनी टोपलीवरचं फडकं उगाच सारखं केलं. "वाढलाय जरा. बाबा बोलतो, रोग जाताना दार वाजवतो."

रांगोळी हा शब्द ऐकून मी चपापलो, कारण तीच रांगोळी मी आठवडाभर बघत होतो. वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे फोटो काढायला समितीला डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता. आमच्या सभागृहात दोन मरतुकड्या ट्यूबलाइट. फ्लॅश मारावा, तर आदल्या वर्षी त्या लखलखाटाने वक्त्यांचा मुद्दाच हरवला होता. माहितीपत्रकं वाचायची हौस असलेला मी एकटाच, म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली. फोटोचं दुकान चालवणाऱ्या त्र्यंबकने तीन कॅमेरे वापरून बघायला दिले. मी शहाण्यासारखा पडदे ओढून सात नंबरच्या कपाटाचे फोटो काढत बसलो. त्यातल्या एका कॅमेऱ्यात पुस्तकांच्या पाठीवर ठिपकेच ठिपके.

"त्र्यंबक, हा बिघडलाय की माझे डोळे?"

"दोन्ही नाही, अण्णा. आत फिल्मच्या जागी नखाएवढी चकती असते, ती उजेड टिपते. उजेड कमी मिळाला की कॅमेरा तो ओढूनताणून वाढवतो आणि चकतीची स्वतःची खरखरही वाढते. रेडिओवर लांबचं स्टेशन लावून आवाज मोठा केला की खरखर मोठी होते ना, तसंच. दोन दिवे जास्त लावा, जातील ठिपके."

म्हणजे आमच्या कपाटालाही क्षय झाला होता आणि दोन बल्बांनी तो बरा झाला होता!

हे लगेच सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आपण कोण? तिकडे बाबा सांगतात ती हिमालयातल्या तपाची बारा वर्षं, इकडे आपलं माहितीपत्रक. तीन दिवस मी गप्प राहिलो. या तीन दिवसांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. चौथ्या दिवशी आवडाबाईंना दारात थांबवून सगळं सांगितलं.

"पुस्तकांना कसला रोग?" त्या म्हणाल्या. "माणसाची गोष्ट येगली."

"मग माणूस नको. ज्याला रोग नाही अशी तुमची खात्री आहे, त्याचा फोटो काढायला सांगा. एकाच निरांजनात."

त्यांनी टोपलीकडे पाहिलं. "माझ्या टोपलीतल्या कशालाच रोग नाय."

आणि आता हॉलमध्ये मंजुळाची तिसरी बैठक होती. पाटावर बसलेली ती मुलगी तोंडाला पदर लावून खोकत होती. बाबा पाच निरांजनं मांडू लागले, तोच आवडाबाई उठल्या.

"थांबा बाबा. एकच वात ऱ्हाऊ द्या. आधी याचा फोटू काढा." त्यांनी ताटलीत एक मोठा पापलेट ठेवला.

लोक हसले. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "माते, हा दरबार आहे, बाजार नव्हे!"

"एक फोटू हो! तुमचा रोल थोडाच फुकट जाणार हाय?"

पुन्हा हशा. बाबांचा नाइलाज झाला. खट्ट! टीव्हीवर पापलेट उमटला. लाल, हिरवा, निळा.

बाबा डगमगले नाहीत. "पाहा! मासासुद्धा रोगी! सडका जीव दरबारात आणलात!"

बाबांची चूक झाली ती इथे. हॉलमधल्या निम्म्या बायका मासळीवर संसार चालवणाऱ्या होत्या.

"सडका?" आवडाबाईंनी पापलेट उचलून बाबांच्या नाकाखाली धरला. "सकाळी होडीतून उतरलाय! कल्ला उघडून बघ, लाल हाय का नाय? डोला बघ त्याचा, तुझ्यापेक्षा साफ हाय!"

"आवडाच्या टोपलीला सडकी बोलतोस काय रं?" मागून आवाज आला.

"अण्णा, आता तुम्ही बोला!" आवडाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. दीडशे माना वळल्या. मी मुद्दे लिहून आणले होते. तो कागद खिशातच राहिला. कसेबसे तीन शब्द फुटले. "पाचही... वाती लावा."

वाती मंजुळानेच लावल्या. बाबा कॅमेरा देईनात, तो तिने त्यांच्या हातातून काढून घेतला. खट्ट! टीव्हीवर पापलेट चांदीसारखा स्वच्छ.

"बरा झाला!" कोणीतरी ओरडलं. "मेलेला पापलेट बरा झाला!"

मग मंजुळाने चार वाती विझवल्या आणि कॅमेरा बाबांवर रोखला. टीव्हीवर बाबा जटांपासून कमंडलूपर्यंत ठिपक्यांनी भरून गेले.

"बाबा, तुमच्या लय बैठका लागतील," ती म्हणाली.

कोणीतरी खिडक्यांचे पडदे बाजूला सारले. हॉलभर ऊन आलं. त्या उजेडात मी रेडिओची खरखर समजावून सांगितली. किती जणांना ऐकू आलं, देव जाणे. तोवर बाबा कॅमेरा हिसकावून मागच्या दाराने पसार झाले होते. टीव्ही आणि निरांजनं तिथेच राहिली.

सगळे हसत होते. मंजुळा हसत नव्हती.

"म्हणजे माझ्या छातीत अजून आहे, अण्णा."

"असेल, बाळ."

"गोळ्यांनी मळमळतं. लघवी लाल होते. ठिपके बरे होते, नुसतं बसून जायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आवडाबाईंना चांगलंच फैलावर घेतलं, थुंकी पुन्हा तपासली, एक्स-रे काढला आणि गोळ्या नव्याने सुरू केल्या.

समितीला मी सांगितलं, अंधाऱ्या सभागृहासाठी कॅमेरा घ्यायचा तर माहितीपत्रकातल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका, भिंग किती उजेड आत घेतं ते बघा. आणि घेण्याआधी आपल्याच खोलीत, आपल्याच दिव्याखाली फोटो काढून पाहा. वाचकहो, बाबा निवडण्याची वेळ आली तरी मी हेच सांगेन. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी खोलीतला उजेड वाढवा आणि तोच चमत्कार एखाद्या पापलेटवर करून दाखवायला सांगा.

आठ महिन्यांनी व्याख्यानमालेला मंजुळा आली. गाल भरले होते. मी नव्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकली.

"किती ठिपके?"

"आहेत चार-पाच. पण ते माझ्या कॅमेऱ्याचे. तुझे किती, ते डॉक्टरांना विचार."

"विचारलं," ती म्हणाली. "एकपण नाय."