तांबडीचा पुरावा

“माझ्या सवतीचं आज काय ते एकदाचं उरकून टाका बरं,” छायाने स्वयंपाकघरातूनच फर्मान काढलं. “दोन वर्षं झाली तिला घरात आणून. ना नांदवता, ना सोडता!”

“आज शेवटचा दिवस आहे तिचा,” लॅपटॉपवरची मान वर न करता ललित म्हणाला.

रंगनाथमामा जमिनीवर फतकल मारून मेथी निवडत बसले होते, त्यांचे कान टवकारले. मामा म्हणजे छायाचे वडील. सकाळीच सायखेड्याहून मेथीच्या जुड्या आणि पिशवीभर वांगी घेऊन लेकीकडे आले होते.

“शेवटचा दिवस? कोनाचा, पाव्हणं? कोन आजारी हाय?”

“कोणी नाही हो मामा. तांबडीचं म्हणतेय ती.”

तांबडी म्हणजे एक रसायन. मातीतला एक जिवाणू ते लालभडक रसायन तयार करतो आणि त्याच्या जोरावर शेजारच्या जंतूंचा फडशा पाडतो. ललित बोरस्तेने ऐन पंचविशीत पुण्याला याच तांबडीवर पीएचडी करायला घेतली होती. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ललित गावी परतला तो परतलाच. ओझरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं, नाशकात फ्लॅट झाला, पण पीएचडीचं घोडं अडलं ते अडलंच. पुढे जपानमधल्या एका प्रयोगशाळेने तांबडीची सगळी कुळकथा शोधून काढली. ललितने त्यांचा निबंध लगोलग उतरवून घेतला आणि कित्येक वर्षं उघडला नाही. वाईट वाटत होतं, दुसरं काय!

हल्ली तो घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता. जगभरच्या अभ्यासू मंडळींनी मिळून इंटरनेटवर एक भांडार उभारलं होतं. कोणता जीव कोणतं औषधी रसायन बनवतो आणि त्यातली कोणती पायरी कोणतं जनुक सांभाळतं, याच्या नोंदी त्यात असत. छापून आलेले निबंध वाचायचे, त्यातलं सार आणि पुरावा नोंदीत भरायचा, मग दुसऱ्या कोणीतरी तो तपासायचा. पगार नाही, मानधन नाही, साधा कपभर चहासुद्धा नाही. तिथला रिवाज असा, की एखाद्या रसायनावर कोणी नाव टाकलं की बाकीचे त्याला हात लावत नाहीत. ललितने दोन वर्षांपूर्वी तांबडीवर नाव टाकलं आणि नेमकी तेवढीच सोडून दुनियाभरच्या नोंदी भरल्या. त्याच्या नावामुळे ती तशीच अडकून पडली. शेवटी हॉलंडच्या मार्लीनबाईंनी, त्या या सगळ्याच्या संयोजक, गोड शब्दांत विचारलं, भरताय की सोडताय? नव्या आवृत्तीचं दार या रविवारी बंद होणार होतं. नोंद अपुरी राहिली तर तांबडी बाहेर, आणि पुढची आवृत्ती कधी निघेल ते देव जाणे.

म्हणून आठवडाभर ललितने तो जपानी निबंध एकदाचा वाचला. बसला तेव्हा कपाळाला आठ्या होत्या, पण वाचता वाचता त्या कधी गेल्या ते त्यालाही कळलं नाही. काय देखणं काम केलं होतं लेकाच्यांनी! आपण ज्या वळणावर थांबलो तिथून पुढचा रस्ता त्यांनी थेट मुक्कामापर्यंत नेला होता. पायऱ्या भरताना ललित चक्क शीळ घालत होता. मग एका जागी शीळ थांबली.

“अडलंय कुठं आता?” चहाचे कप ठेवत छायाने विचारलं.

“पहिल्या पायरीचा पुरावा राहिलाय. तो माझाच आहे. पुण्यात असताना छापून आलेला माझा तो चार पानी निबंध नाही का? जपान्यांनी ते काम पुन्हा केलंच नाही, माझंच खरं धरून पुढे गेले.”

“अहो, मग हे तर सोन्याहून पिवळं!”

“आपल्या कामाची नोंद आपण करायची नाही, असा नियम आहे तिथं. दुसऱ्याने वाचायचं, पटलं तर त्यानेच भरायचं.”

“मग सांगा ना कोणाला तरी.”

“काय सांगू? या, माझी पाठ थोपटा?” ललित कपात बघत म्हणाला.

“पर पुरावा कशाचा?” मामांनी मेथीची काडी मोडत विचारलं.

ललितमधला मास्तर जागा झाला. “मामा, समजा लग्नात पाच आचारी आहेत. त्यातला जिलबी कोणता करतो ते तुम्हाला कळत नाहीये. काय कराल?”

“इचारीन.”

“सगळे मुके आहेत.”

“मंग येकेकाला घरी धाडीन. ज्याच्याबिगर जिलबी बंद पडली, त्योच जिलबीवाला.”

“मी अगदी हेच केलं! जिवाणूतलं एक जनुक काढून टाकलं. मग जे वाढले ते सगळे पांढरेफटक, तांबड्याचा टिपूस नाही. प्रयोगशाळेत नाचलो होतो मी.”

“जिलबी बंद पडली म्हून नाचले?” मामांना हसू आवरेना. “लय अवघड हाय बुवा तुमचं.”

चार वाजता ऑनलाइन बैठक सुरू झाली. पडद्यावर देशोदेशीचे चेहरे उगवले. ब्राझीलच्या बियात्रिसकडे नुकतंच उजाडलं होतं, ती डोळे चोळत कॉफी पीत होती. मार्लीनने राहिलेल्या नोंदी एकामागून एक पुढे घेतल्या आणि तांबडीपाशी येऊन थांबली. बाकी सगळं उत्तम आहे, पण पहिल्या पायरीला पुरावा दिसत नाही. नसेल तर नाइलाज आहे, ललित. पुढच्या वेळी बघू.

ललित हळूच म्हणाला, “ओके.”

मागे भज्यांची बशी घेऊन छाया उभी होती. ती एका रुग्णालयात परिचारिका. वॉर्डात डॉक्टरांनासुद्धा ऐकवायला कमी करत नसे. तिने बशी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून थेट कॅमेऱ्यात डोकावली. तिच्या इंग्रजीत क्रियापदं कमी आणि जोर जास्त होता, पण मुद्दा कोणाच्याही नजरेतून सुटला नसता. मी यांची बायको, नर्स आहे. जोखमीचं इंजेक्शन आम्ही एकटीने देत नाही, दुसरीने तपासावंच लागतं. बरोबर आहे तुमचा नियम. पण कपाटात औषध आहे हेच सांगायचं नाही, असा नियम आहे का? निबंध याच माणसाचा आहे.

“ही इज शाय,” तिने शेवटी ठणकावलं. “व्हेरी शाय!”

सगळ्या खिडक्यांत एकदम हशा पिकला. ललितला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बियात्रिसने मात्र कॉफी बाजूला ठेवली आणि निबंध मागून घेतला.

ती वाचत राहिली. ललित निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा नखं खात बसला. मग तिने मान वर केली. जनुक काढल्यावर रंग गेला हे ठीक. पण ते परत घातल्यावर रंग आला का?

“काय म्हनते बाई?” मामा कुजबुजले.

“आचारी परत बोलावला तेव्हा जिलबी झाली का, विचारतेय.”

“झाली ना पर?”

“झाली होती, मामा.”

पण बियात्रिसच्या कपाळावर आठी पडली. निबंधातलं छायाचित्र कृष्णधवल छापलेलं होतं! छपाई इतकी पुसट, की तांबडं आणि पांढरं दोन्ही सारखंच करडं दिसत होतं. स्वस्तात छापणाऱ्या त्या मासिकाला ललितने तेव्हाही मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आता पुन्हा घातल्या. छायाने त्याचा खांदा घट्ट धरला. बियात्रिस खाली सरकली, थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. छायाचित्राखालीच तक्ता होता, रंग किती बनला ते मोजून लिहिलेला. मूळ जिवाणूत भरपूर, जनुक काढल्यावर शून्य, परत घातल्यावर पुन्हा जवळजवळ तेवढाच. ती टाइप करू लागली.

तांबडीसमोर हिरवी खूण उमटली. पडद्यावर टाळ्या वाजल्या, मार्लीनने दोन्ही अंगठे वर केले, आणि पंचविशीतल्यासारखं नाचावं की काय असं ललितला वाटून गेलं. तो नाचला नाही, पण चार भजी एकदम तोंडात कोंबली.

बैठक संपल्यावर छाया शेजारी खुर्ची ओढून बसली. “काय लिहिलंय तिनं? मराठीत सांगा.”

ललितने पडद्यावरचं वाक्य सावकाश मराठीत आणलं. “हे जनुक काढलं की तांबडा रंग बनत नाही, परत दिलं की बनतो. हे प्रथम दाखवून दिलं ललित बोरस्ते आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी.”

“बास, एवढंच?”

“एवढंच.”

छाया डोळे पुसत म्हणाली, “पुन्हा वाचा.”

मामांनी मांडीवरची मेथी बाजूला सारली, गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि घरात कोणी मोठं माणूस आल्यासारखे सरळ उभे राहिले. ललितने घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.