शिरते पण फिरत नाही

घासताना किल्ली बिघडली, की ती मी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत मोडतो. पकडीत धरायची, वाकवायची, दोन तुकडे डब्यात टाकायचे. गिऱ्हाईकं कंटाळतात, घड्याळाकडे बघतात. बघू देत. बिघडलेली किल्ली कुलपात शिरते पण फिरत नाही, आणि एखादा चिकाटीने हलवत बसला तर कधी कधी फिरतेसुद्धा. वीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला, तोही माझ्याच घराच्या किल्लीबाबत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझी लेक चौदा वर्षांची. लहानपणी सतत काहीतरी कुरतडायची म्हणून घरात तिला खारूताई म्हणतात. यंदापासून तिची शाळा दुपारी एकलाच सुटायला लागली. तिची आई बेकरीत कामाला, ती पाचला येते. मी सातच्या आत दुकानातून हलत नाही. म्हणजे चार तास पोर घरी एकटी. मी दाराला जाडजूड कुलूप बसवलं, आतून साखळी लावली आणि दुकानात बसून तिच्यासाठी किल्ली घासली. पहिली बिघडली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी ती तशीच डब्यात भिरकावली. घरचीच तर होती, मोडायची कुणाच्या समाधानासाठी?

डब्यातलं पितळ दर सोमवारी भंगारशेठ नेतो आणि बदल्यात कोऱ्या किल्ल्या देतो. शेठ कसला, पाठीवर पोतं घेऊन दुकानोदुकानी फिरणारा माझा जुना दोस्त. खारूताईच्या बारशाला जेवून गेलेला. त्या सोमवारी पितळ पोत्यात ओतता ओतता त्याने घरचं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. नवं कुलूप, बिघडलेली किल्ली, पोरीच्या शाळेची वेळ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बायको उगाच म्हणत नाही.

"पाचपर्यंत जीव टांगणीला लागतो रे," मी म्हणालो.

"काळजी कसली करतोस? मी आहे ना," तो म्हणाला. मला खरंच बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी तो तोंड फुगवून दुकानात आला. "तुझ्या पोरीने आज मला दारातच उभं ठेवलं. खाऊ द्यायला गेलो होतो. दार उघडलं नाही ते नाहीच, शिवाय खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला बोलावून घेतलं. चार माणसांत मला चोर ठरवलं."

माझी कानशिलं तापली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. दुकानाचं शटर ओढलं आणि तडक घरी गेलो.

खारूताई जेवणाच्या टेबलापाशी वही उघडून बसली होती. वहीत एक अक्षर नव्हतं. मी चपलाही काढल्या नाहीत. "काकांना दाराबाहेर ठेवलंस? एवढीशी होतीस तेव्हा खांद्यावर घेऊन फिरवलंय त्यांनी तुला. मी सांगितलं होतं अनोळखी माणसाला दार उघडू नकोस. ते अनोळखी आहेत?"

"बाबा, ऐका तरी."

"काय ऐकू? मला मान खाली घालायला लावलीस."

"बाबा, एकदा ऐका ना."

मी ऐकलं नाही. मी फोन काढला, नंबर शोधला. "आत्ताच्या आत्ता माफी मागायची."

ती उठून उभी राहिली. पेन्सिल दोन्ही हातांत घट्ट धरलेली. आवाज कापत होता, पण शब्द नीट होते. "मी माफी मागणार नाही. त्यांनी बेल नाही वाजवली. आधी किल्ली लावली."

"कसली किल्ली?"

"आपल्या कुलपाची. पूर्ण आत गेली, मला ऐकू आलं. तुम्हीच सांगता ना, दुसरी कुठलीही किल्ली आपल्या कुलपात आतच जात नाही? ही शिरली पण फिरत नव्हती. कुणीतरी ती हलवत होतं. हळूहळू. खूप वेळ."

फोन माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला.

दुकानातली बॅटरी पिशवीत असतेच. दाराशी गुडघे टेकले आणि कुलपाच्या भोकात उजेड टाकला. मी कुलपात तेल घालत नाही, शिसपेन्सिलीची पूड घालतो, म्हणून आतलं सगळं काळं असतं. त्या काळ्यावर पितळेचे बारीक कण चमकत होते. घरच्या तिन्ही किल्ल्या मी कानशीने गुळगुळीत केल्यात, त्यांचे कण पडत नाहीत. कण पडतात ते कच्च्या, कडा न घासलेल्या किल्लीचे. कच्ची एकच होती, आणि ती मी डब्यात टाकली होती.

मी तिथेच बसून राहिलो. बाहेरच्या बाजूला, उंबऱ्यावर.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"साखळी लावलेली होती. तरी हाताने चाचपून बघितली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, बाबा, दाराशी कोणीतरी आलंय. तुम्ही घरात असल्यासारखं. किल्ली थांबली. मग बेल वाजली आणि काका म्हणाले, मीच आहे, तुझ्या बाबांनी पाठवलंय. मला क्षणभर वाटलं, उघडावं. काकाच तर आहेत. पण बेल वाजवायची होती तर आधी किल्ली कशाला? मी शिंपीणमावशींना फोन केला. त्या हातात कात्री घेऊनच वर आल्या."

"मला का नाही केलास?"

ती म्हणाली, "केला होता. काका दारातून गेल्यावर लगेच. तुम्ही म्हणालात, मशीन चालू आहे, नंतर बोल. मी म्हटलं, काका आले होते. तुम्ही म्हणालात, बरं, मग चहा दे त्यांना."

हे मला आठवत होतं. दुकानात असे दिवसाला दहा फोन येतात, त्यांतला तो एक.

पाचला बायको आली. तिने सगळं ऐकलं आणि पिठाचे हातही न धुता पोरीला जवळ घेतलं. मग शिंपीणमावशींना घेऊन आम्ही चौघं पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने भंगारशेठला बोलावून त्याच्या किल्ल्यांचा जुडगा मागितला. माझी किल्ली त्यात होती. तिसरा दात उथळ, कडा खरखरीत. मीच ओळख पटवली आणि जबाबावर सही केली. तो म्हणत होता, गंमत करत होतो. त्या गमतीचं पुढे काय करायचं ते आता चौकी बघेल. मला वीस वर्षांची दोस्ती आठवून वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचीही लाज वाटली.

घरी येताना जिन्यात मी खारूताईला म्हणालो, "माफी मी मागायला हवी होती. मागतो." तिने मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. या वेळी पहिलीच किल्ली चांगली झाली, तरी दुकानात माझ्या शेजारी बसलेल्या खारूताईने डबा उपडा करून सगळा भुगा तपासला आणि मगच उठली.

आता मी दुपारी अधूनमधून घरी चक्कर टाकतो. किल्ली खिशात असते, पण बेल वाजवतो. आतून आवाज येतो, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

पूर्वी या प्रश्नावर मी वैतागलो असतो. आता नीट सांगतो, दारात नव्याने बसवलेल्या काचेसमोर येऊन उभा राहतो आणि तिचं बघून होईपर्यंत हलत नाही. कधी कधी तिला वेळ लागतो. लागू दे. साखळी तिच्या हातात आहे.