एक ते तीन

दोरी तिसऱ्यांदा रिळावरून सुटली आणि रोझविता लेमकेने अशी एक शिवी हासडली, जी तीस वर्षं ट्राम चालवतानाही तिने प्रवाशांच्या कानावर पडू दिली नव्हती. खोपटाच्या दारातल्या टेबलावर गवत कापायचं यंत्र उलटं पडलं होतं. शेजारी झाकण, स्प्रिंग, रीळ आणि रात्रभर पाण्यात भिजवलेली नायलॉनची हिरवी दोरी, पात्याऐवजी तीच फिरून गवत कापायची. भिजवली की ती चिवट होते, दगडाला लागून तुटत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. गुंडाळायची कशी ते काही त्याने सांगितलं नव्हतं, आणि शनिवारी दुकान एकला बंद व्हायचं.

तिने रीळ उन्हात धरलं. कडेला नखाएवढा बाण कोरलेला होता. सकाळपासून ती दोरी बाणाच्या उलट दिशेने गुंडाळत होती. म्हणूनच यंत्र सुरू केलं की दोन हात गवत कापलं जायचं, आणि मग आत नुसता गुंता.

"शाब्बास, रोझविता," ती स्वतःलाच म्हणाली. एक पन्नास झाले होते.

भाड्याने दिलेल्या छोट्या बागांच्या या वसाहतीत एक ते तीन या शांततेच्या वेळेत यंत्राचा आवाज होता कामा नये, असा नियम होता. आणि आज तीनच्या ठोक्याला समिती तपासणी करत इथवर पोहोचणार होती. सत्तेचाळीस नंबरच्या बागेला, म्हणजे रोझविताच्या बागेला, गवत वाढल्याबद्दल दोन ताकिदी मिळून चुकल्या होत्या. वसंतात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण गवताला त्याचं काय. तिसरी ताकीद आली की बाग जाणार. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती फक्त झोपायला जायची, राहायची ती इथे. बाग गेल्यावर दिवसभर करायचं काय, हे तिला सुचत नव्हतं.

त्यात शेजारी सेहेचाळीस नंबरचे नॉयबर्ट. वसाहतीची नियमावली त्यांनीच लिहिलेली. आता वय एक्याऐंशी, चिटणीसपद कधीच सुटलेलं, पण कुठे खुट्ट झालं तरी तीन मिनिटांत फाटकाला कपड्याच्या चिमट्याने तक्रारीची चिठ्ठी लावलेली असायची, खाली वेळेसकट सही. आजही एक वाजायच्या आधी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. इतक्या वर्षांचा शेजार, तरी हाका 'फ्राऊ' आणि 'हेर', म्हणजे बाई आणि साहेब, अशाच.

"फ्राऊ लेमके, एक वाजायला तेरा मिनिटं आहेत."

"तुम्ही आहात म्हणून बरंय. मी घड्याळ वापरायचंच सोडून दिलंय."

"आता बाराच मिनिटं."

"आणि तुमचं झालं वाटतं सगळं कापून?" तिने टोमणा मारला होता. त्यावर ते पाठ फिरवून आत निघून गेले होते.

ती पुन्हा बसली. दोरीचं टोक खाचेत अडकवलं, बाणाच्या दिशेने एकेक वेढा शेजारी शेजारी घट्ट घेतला, दोन्ही टोकं भोकांतून बाहेर काढली, झाकण दाबलं. खट्ट. टोकं ओढून पाहिली, सरळ बाहेर आली. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल भरलेलं होतं. सव्वादोन.

आता पाऊण तास वाट पाहायची. ती खोपटात गेली, बाहेर आली. कॉफीचा कप धुतला, मग तोच पुन्हा धुतला. गवताकडे पाहिलं. तासाभराचं काम होतं. तीनला सुरू करायचं म्हणजे समितीच्या नाकासमोर सुरू करायचं. दोन वीसला तिने यंत्राचा पट्टा खांद्यावर टाकला.

"लाव म्हणावं चिठ्ठी," असं पुटपुटत तिने स्टार्टर ओढला.

यंत्र गरजलं. दोरी झकास चालली, गवत आडवं पडू लागलं. पण तिचं लक्ष सगळं फाटकाकडे. तीन मिनिटं झाली, पाच झाली, फाटक मोकळंच. खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं, उलट चिडचिड व्हायला लागली. एकोणीस वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नव्हता. दहा मिनिटं झाल्यावर तिला राहवेना. तिने यंत्र बंद केलं.

"हेर नॉयबर्ट! ओरडायचं नाही का आज?"

मधल्या दाट झुडपांच्या कुंपणापलीकडून बारीक आवाज आला.

"इकडे."

ती रस्त्यावरून वळसा घालून त्यांच्या फाटकातून आत शिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रस्त्यावरून दिसायची ती झेंडूची रांग दोऱ्याने आखल्यासारखी सरळ होती. तिच्यामागच्या वाटाण्याच्या मांडवापलीकडे मात्र दोन खोल्यांएवढ्या जागेत कंबरेइतकं गवत माजलं होतं. त्या गवतात नॉयबर्ट पाठीवर पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, हातात विळा.

"देवा! कधीपासून?"

"एक दहा. तोल गेला."

"तासाहून जास्त! आणि मी पलीकडेच बसलेय टेबलाशी. हाक मारायची नाही का?"

"शांततेची वेळ होती," ते म्हणाले. "तीनला मारणार होतो."

रोझविताला हसू आलं आणि रडूही आलं. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पंधरा मिनिटं, असं पलीकडून सांगितलं. जॅकेटची घडी करून तिने त्यांच्या डोक्याखाली सारली. त्यांचे डोळे गवतावरून फिरत होते.

"आधीचे सगळे अध्यक्ष माझ्या फाटकाशी नुसता हात हलवून पुढे जायचे. ही नवी काल्वाइटबाई आत येते म्हणे. प्रत्येकाच्या." त्यांनी ओठ ओले केले. "दोन वर्षं झाली, यंत्र उचलवत नाही मला. विळ्याने आवाज होत नाही, म्हटलं तेवढ्यात... नियम मीच लिहिलेत, फ्राऊ लेमके."

हाक का मारली नाही, ते तिला आता कळलं. तिने घड्याळ पाहिलं. दोन छत्तीस. पलीकडे तिचं अर्ध्याहून जास्त गवत उभं होतं. म्हाताऱ्याचा राग आला, स्वतःच्या नशिबाचाही आला. आणि ती यंत्र घेऊन आली.

"काय करताय? अजून तीन वाजले—"

"स्ट्रेचरला वाट करतेय. जिवाला धोका असला तर चालतं ना तुमच्या नियमात?"

नॉयबर्टनी क्षणभर विचार केला.

"कलम अकरा," ते म्हणाले. "उपकलम चार."

"मग पडून राहा गप."

फाटकाकडून सुरुवात करून तिने वाट केली, आणि वाट झाल्यावरही ती थांबली नाही. गुडघा ठणकत होता. मध्येच यंत्र मंद केलं तेव्हा मागून आवाज आला, "डावीकडे. पिंपाच्या मागे राहिलंय." तिने पिंपाच्या मागचंही कापलं. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा शेवटचा कोपरा होत आला होता.

स्ट्रेचरवर घेताना नॉयबर्टनी तिची बाही धरली.

"तुमचं राहिलं."

"राहू दे. पाय हलवू नका."

रुग्णवाहिका गेली आणि तीन वाजता काल्वाइटबाई आल्या, हातात कागद लावलेली पाटी, मागे समितीचे दोघे गृहस्थ. काय घडलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग आत येऊन आडव्या पडलेल्या गवताच्या राशी पाहिल्या. एक काडी उचलून स्वतःशेजारी उभी धरली, ती त्यांच्या कंबरेपर्यंत आली.

"हे आत्ता कापलंय."

"स्ट्रेचरला वाट हवी होती."

"स्ट्रेचर काय सगळ्या बागेतून फिरवलं?"

"वळवायला जागा लागते," रोझविता म्हणाली. "तीस वर्षं ट्राम चालवलीय मी, मला विचारा."

गृहस्थांपैकी एकाला खोकला आला. काल्वाइटबाईंनी कुंपणावरून पलीकडच्या अर्धवट गवताकडे पाहिलं, मग मांडीपर्यंत हिरव्या झालेल्या रोझविताच्या पँटकडे पाहिलं.

"सत्तेचाळीस तुमची ना? दोन ताकिदी आहेत."

"हो. आहे ते लिहा."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"तपासणी आज सेहेचाळीसपर्यंत झाली. बाकीच्या पुढच्या शनिवारी."

"पण अजून बारा बागा—" मागचा गृहस्थ म्हणाला.

"पुढच्या शनिवारी," असं म्हणून त्या चालू लागल्या. फाटकाशी मात्र थांबल्या. "फ्राऊ लेमके, तीन वाजून गेलेत. आता यंत्र चालवायला हरकत नाही."

रोझविताने मान हलवली. तिने स्टार्टरला हात घातला, पण ओढलं नाही. पट्टा खांद्यावरून उतरवला आणि कापलेल्या गवताच्या राशीवर ती खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला किती वाजले ते पाहावंसं वाटलं नाही.