सहा वाजताचा पारा

कमला माहेरी गेली ती मार्गशीर्षात. तिचे वडील, आप्पा, सावर्ड्यापासून दोन कोस आत, डोंगराच्या पायथ्याशी एकटेच राहायचे. स्वयंपाकाला येसूबाई होती. पहिल्याच पहाटे कमलाला खोकल्यानं जाग आली. आप्पा शेगडीपुढे पाठ टेकून बसले होते आणि प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता.

"रोज असंच होतं?" तिनं विचारलं.

येसूबाईच बोलली, "थंडी पडली की आडवं व्हायलाच येत नाही त्यांना. उन्हं वर आली की बरे होतात."

"आप्पा, तुम्ही आंजर्ल्याला चला. तिकडे समुद्रामुळे पहाट इतकी गारठत नाही."

आप्पांनी हातानंच गप्प केलं. धाप जरा बसल्यावर म्हणाले, "मुलीच्या घरी जाऊन राहायचं? आणि ही डोंगराची कोरडी हवा सोडून तुमच्या त्या दमट गावात? उगीच काहीतरी बोलू नकोस."

कमला परतली आणि नवऱ्याला सांगता सांगता रडली. चारुदत्त आंजर्ल्याच्या मराठी शाळेत मास्तर होता. त्यानं तिला समजावलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मित्राला पत्र टाकून एकसारखे दोन थर्मामीटर मागवले. ते आल्यावर आठ दिवस पडवीत शेजारी शेजारी टांगले. दोन्हींचा पारा सारखाच चढतो-उतरतो अशी खात्री झाल्यावर त्यातला एक भुश्शात बांधून सावर्ड्याला पाठवला. सोबत पत्र होतं: 'वर्गाला किनारा आणि डोंगर यांच्या हवेतला फरक शिकवायचा आहे. रोज सकाळी सहा आणि दुपारी दोन वाजता आकडा टिपाल का? वक्तशीर माणूस तुमच्याशिवाय दुसरा माहीत नाही.'

आप्पांचा जन्म मोजणी खात्यात गेला होता. अशा विनंतीला त्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आठवड्याला एक कार्ड येऊ लागलं, बारीक अक्षरात, रेघा आखलेलं. चारुदत्तही उलट टपालानं आंजर्ल्याचे आकडे त्यांना कळवायचा. तिसऱ्या कार्डावर त्यांनी न सांगता आणखी एक रकाना आखला होता: प्रकृती.

कमलानं दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पौषातल्या एका सकाळी आंजर्ल्याला सहासष्ट अंश फॅरनहाइट होते, तर आप्पांकडे बावन्न. दुपारी मात्र उलट व्हायचं, डोंगराकडे नव्वद आणि समुद्राकाठी चौऱ्याऐंशी. ज्या दिवशी पहाटेचा आकडा पंचावन्नच्या खाली, त्या दिवशी प्रकृतीच्या रकान्यात 'रात्र बसून काढली' असं लिहिलेलं.

"अहो, आता लिहा ना त्यांना. सरळ दिसतंय."

"त्यांनाही दिसत असेल," चारुदत्त म्हणाला. "मी लिहिलं तर भांडतील. स्वतःच्या आकड्यांशी कसे भांडतील?"

तरी आप्पा भांडलेच. पुढचं कार्ड आलं ते रागाचं: 'चौदा अंशांचा फरक अशक्य. तुमच्याकडचं यंत्र सुस्त झालं आहे. समक्ष येऊन तपासतो.'

चिपळूणहून खाडीतून दाभोळ, तिथून आगबोटीनं हर्णै आणि मग तरीतून आंजर्ले, असा प्रवास करून आप्पा उतरले. थर्मामीटर पंच्यात गुंडाळून छातीशी धरला होता. हातपाय धुण्याआधी तो पडवीत टांगला, जावयाच्या थर्मामीटरशेजारी. दोन दिवस सकाळ-दुपार ते समोर उभे राहिले. दोन्ही पारे एकाच रेघेवर होते.

तिसऱ्या दिवशी सहाच्या वेळी पडवीत कोणी नव्हतं. कमलानं आत डोकावून पाहिलं. आप्पा आडवे होते, एका कुशीवर, हात उशीखाली. धाप नव्हती, श्वास संथ चालला होता. ती बराच वेळ दारातच उभी राहिली, मग जाऊन आकडा तिनंच टिपला.

साडेसातला ते बाहेर आले ते चिडूनच. "मला उठवलं का नाही? आजचा आकडा गेला!"

"मी घेतलाय. अडुसष्ट," कमला म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आप्पा, शाळेचं खरंच होतं. पण तुम्हाला हे कळावं म्हणूनही यांनी ते यंत्र पाठवलं. आणि मला तुम्ही इथे हवे होतात."

आप्पांनी चारुदत्तकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"म्हणजे मला फसवलंत, मास्तर."

"आकडे तुमचेच होते, आप्पा. मी एकही बदलला नाही."

आप्पांनी एकदा दोन्ही पाऱ्यांकडे नजर टाकली. मग म्हणाले, "ते मी ओळखलं होतं. दुसऱ्याच कार्डाला. पण यायला काहीतरी निमित्त तर हवं."

कमला हसली आणि पदरानं डोळे टिपत आत गेली.

शिमग्यापर्यंत आप्पा राहिले. एकदा शाळेतही गेले. समुद्राचं पाणी दिवसाची ऊब पहाटेपर्यंत कशी धरून ठेवतं आणि डोंगराची माती ती संध्याकाळीच कशी सोडून देते, हे त्यांनी वर्गाला इतकं रंगवून सांगितलं की घंटा झाल्यावरही मुलं उठेनात. पुढच्या वर्षी कार्तिकातच कार्ड आलं. रकाने नव्हते, एकच ओळ होती: 'आज एकसष्ट. निघतो आहे, खोली झाडून ठेवा.'