अंटार्क्टिकावरची शेकोटी

महागू पेंटरने अंटार्क्टिकावर शेकोटी पेटवली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. नुसती शेकोटी असती तर एक वेळ मी गप्प बसले असते. पण तिच्याभोवती घोंगडी पांघरून तीन माणसं बसली होती आणि त्यातला एक निवांत बिडी ओढत होता.

"महागूभाऊ, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"थंडी हाये ना तिथं, मॅडम," तो शिडीवरूनच म्हणाला. "तुम्हीच तं सांगतलं, लय थंडी असते म्हणून."

"अहो, पण तिथं माणूसच राहत नाही!"

"मंग चित्र कायले काढाचं?"

मी छत्री उघडून भिंतीच्या सावलीत बसले. उकव्यासारख्या खाणीच्या गावात, जिथे घराघरात मँगनीजची काळी धूळ बसते, तिथे शाळेच्या कुंपणावर जगातले आठ सुंदर निसर्गप्रदेश रंगवायचे, असा वरून आदेश आला होता. वरून आलेला आदेश सगळ्यांच्या टेबलांवरून घरंगळत शेवटी माझ्याच डोक्यावर येऊन पडतो, हा अकरा वर्षांचा अनुभव. मतदार यादी वैदेही मॅडम, जंतांच्या गोळ्या वैदेही मॅडम, मग भूगोल शिकवणारीही वैदेही मॅडमच, तर भिंत दुसऱ्या कुणाची असणार?

मी नाही म्हणू शकत नव्हते, त्याला कारण होतं. माझं घर बालाघाटला. नवरा अश्विन तिथे वीज कार्यालयात, मुलगी श्रिया यंदा दहावीला. अंतर काही फार नाही, पण मधे घाट, बसचा भरवसा नाही आणि हजेरी मोबाइलवर लागते. म्हणून मी इथे खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी जाते. जूनमध्ये श्रिया म्हणाली होती, "मम्मी, दहावीच्या वर्षी तरी घरी राह्य." मी त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला. तो अर्ज ज्या साहेबांकडे पडून होता, तेच शुक्रवारी भिंत बघायला येणार होते. आमचे प्राचार्य पुनारामजी हळूच म्हणाले होते, "दीवार अच्छी दिखी तो आपका काम हुआ समझो."

तेव्हा माझं घर महागूच्या कुंचल्याला टांगलेलं होतं. आणि महागूचा कुंचला कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता.

महागू किरनापूरचा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याची कामाची रीत ठरलेली. आधी सगळ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच बादलीतून आभाळ मारायचं, मग खाली काय असेल ते. आठ प्रदेशांना मिळून एकच निळं आभाळ. ऑस्ट्रेलियाच्या समुद्राखालच्या प्रवाळांनाही आभाळ! मी म्हटलं, पाण्याखाली ढग कसे येतील? तर म्हणाला, "मासोळ्याईले वर पाहाले काही पाह्यजे का नाही?"

त्याची दुसरी रीत त्याहून भारी. माणसाशिवाय चित्र त्याला सोडवतच नाही. मी मोबाइलवर एकेक फोटो दाखवला, त्याने मान हलवून 'हौ, हौ' म्हटलं आणि हवं तेच केलं. सहाराच्या वाळवंटात हातपंप आला आणि हातपंपावर दोन बाया. आल्प्सच्या उतारावर चुलीचा धूर. आफ्रिकेतला सिंह उत्तम उतरला, पण कान्हाच्या रस्त्यावरच्या पाट्यांसाठी आयुष्यभर वाघ रंगवलेला हात. त्या सिंहाच्या अंगावर पट्टे उमटले. मंगोलियाच्या अफाट गवताळ मैदानात तर त्याने चक्क धानाच्या बांध्या पाडल्या, बांध घातलेली भातखाचरंच.

"एवढी सपाट जमीन बिना बांधीची कोन ठेवते, मॅडम? लोकं हासतीन."

"अहो, तिथं पाऊसच पडत नाही एवढा! धान येईल कसं? म्हणून तं नुसतं गवत आहे. ती माणसं मेंढ्या घेऊन गवतामागं फिरतात. पुसा ते!"

रोज हेच. मी ओरडायची, तो पुसायचा, पुसलेल्या जागी नवीन काहीतरी काढायचा. आणि माझा आवाज ऐकून मधल्या सुट्टीत अख्खी आठवी भिंतीपाशी गोळा व्हायची, फुकटचा तमाशा बघायला. वर्गात चाळीस मिनिटं घसा फोडला तरी जांभया देणारी ही पोरं, इथे डोळे ताणून ऐकत होती. दीपिका नावाची एक बारकी पोरगी तर सर्वांत पुढे. मला त्यांच्याकडे बघायलाही वेळ नव्हता.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत बांध्या गेल्या, सिंहाचे पट्टे गेले, हातपंप गेला. शेकोटी तेवढी राहिली. तिच्यावर पांढरा हात मारला की खालून तांबडं वर यायचं. महागू म्हणाला, "अजून दोन हात माराले लागतीन. उद्या सकाळी करतो." आणि शुक्रवारी साहेब सकाळीच आले.

साहेब भला माणूस होता, हीच तर पंचाईत. घाईत नव्हता. एकेका चित्रापुढे थांबत, पोरांशी बोलत तो अंटार्क्टिकापाशी आला. अर्धवट पुसलेली तीन माणसं भुतांसारखी शेकत बसली होती.

"यह आग कैसी?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच दीपिका म्हणाली, "सर, यह गलत है. वहाँ पेड़ नहीं होते तो लकड़ी कहाँ से आएगी? और वहाँ कोई गाँव भी नहीं है."

साहेब चकित झाला. मग ती थांबेचना. मंगोलियात आधी काढलेलं धान का पुसलं, सिंहाचे पट्टे का गेले, सगळं. बाकीची पोरंही हात वर करायला लागली. मी चार दिवस महागूवर जे जे ओरडले होते, ते शब्दाला शब्द बाहेर येत होतं.

साहेब माझ्याकडे वळला. "मैडम, आपने चित्रों में जानबूझकर गलतियाँ रखवाईं? ताकि बच्चे पकड़ें?"

'नाही सर, आमच्या पेंटरचं डोकं फिरलेलं आहे,' हे खरं उत्तर अगदी जिभेवर होतं. पण मला श्रिया दिसत होती, अर्ज दिसत होता. साहेब खूष आहे, आणखी खूष होऊ दे, असं वाटलं.

"जी सर," मी म्हणाले. "गलती पकड़ते हैं तो याद रहता है."

शिडीखाली उभ्या महागूने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

"यह तो नवाचार है!" शिकवण्याचा नवाच प्रयोग सापडल्यासारखा साहेब म्हणाला. त्याने फोटो काढले, दीपिकाला पेन दिलं. मग ऑफिसात चहा पिताना स्वतःच माझा अर्ज मागितला. मला वाटलं, झालं! त्याने दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि हसून कागद पुनारामजींकडे सरकवला. जाताना मला म्हणाला, "आप जैसे शिक्षक शहर चले जाएँगे तो इन बच्चों का क्या होगा?"

कागदावर लिहिलं होतं: विद्यालय एवं छात्रहित में यथावत रखा जाए. म्हणजे बदली नाही, आहे तिथेच राहायचं.

पुनारामजी माझं अभिनंदन करत होते. मला त्या बशीतलं बिस्किट त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटलं. कुणावर चिडायचं तेही कळेना. साहेबावर? तो तर कौतुकच करून गेला. महागूवर? त्याने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नसेल. 'जी सर' मी म्हणाले होते, मी!

दुपारी मागच्या वऱ्हांड्यात जाऊन मी श्रियाला फोन लावला. ती रडेल, आदळआपट करेल, 'तुले तुझी शाळाच प्यारी' म्हणेल. सगळ्याला उत्तरं तयार ठेवली होती.

"नाही झालं ना?" तिनेच विचारलं.

"नाही बाळा. साहेबांनी..."

"कोई बात नहीं, मम्मी. मी पप्पाले सांगतलंच होतं, आपल्या खोलीत तुझ्यासाठी दुसरा पलंग आनू नका म्हणून. वापस कराले लागला असता."

"तुले राग नाही आला?"

"काहून येईन?" तिने खरोखरच विचारलं. "बरं, ठेवू? ट्यूशनले उशीर होऊन राह्यला."

मी 'हौ' म्हणाले आणि तिने फोन ठेवला. अकरा वर्षं मी तिला समजावत आले होते, रडू नको, भांडू नको, शहाण्यासारखं वाग. त्या दिवशी तिने माझ्याशी भांडायला हवं होतं.