कलाबाईचे हात आणि माझी वीस मिनिटे

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिले होते. ती केव्हाच झिजून गेली. आता माझी दोन बटणे निघाली आहेत, बिजागरी करकरते आणि पंखा सुरू झाला की शेजारचा माणूस दचकतो. पण मित्रांनो, मी जुना लॅपटॉप असलो तरी रडगाणे गाणारा नाही. मला सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

माझी पहिली सहा वर्षे नागपूरच्या एका विमा कार्यालयात गेली. तिथे माझ्यावर दिवसभर आकड्यांचे तक्ते भरले जात. चित्र म्हणाल तर फक्त एक, पडद्यावरचा हिरवा डोंगर, तोही खिडक्यांमागे झाकलेला. पुढे नवी यंत्रे आली आणि मला कपाटात टाकले. मी निकामी झालो असे सगळ्यांनी ठरवले, आणि खरे सांगतो, मलाही ते पटले होते.

तिथून मला हरिदास सरांनी आणले. त्यांचा गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याला संगणक वर्ग आहे आणि जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचा त्यांना नाद आहे. त्यांच्या वर्गात दुर्गा यायची. धानोऱ्याहून आत जंगलात तिचे गाव. आई कलाबाई थोडी धानाची शेती करते, आणि मोह, हिरडा, तेंदूपाने गोळा करते. दुर्गाने मला उघडले आणि चित्रे व अक्षरे मांडायचा एक फुकटचा प्रोग्राम माझ्यात घातला. त्या दिवशी माझा पंखा पहिल्यांदा आनंदाने घरघरला.

तिने पहिली जाहिरात केली ती धानोऱ्याच्या एका शिवणकामाच्या दुकानाची, लोकांच्या मोबाईलवर पाठवायची. हरिदास सर मागे उभे राहून बघत होते.

"किती रंग टाकले व तू? वाचणाऱ्याले वाचू त दे!"

दुर्गा हिरमुसली, पण तिने रंग काढले. मग रोज एकच उद्योग. मोबाईलवर दिसणारी प्रत्येक जाहिरात ती थांबून बघे, नजर आधी कुठे जाते, मग कुठे, ते वहीत लिहून ठेवी, आणि तशी मांडणी माझ्यावर करून पाही. सव्वा वर्षात तिने शंभरावर जाहिराती केल्या. त्यांतल्या निवडक बारा तिने नागपूरच्या एका जाहिरात संस्थेकडे पाठवल्या. तिथले प्रमुख श्रीहरी सर यांनी तिला महिनाभर घरून काम करून दाखवायला सांगितले. हरिदास सरांनी मला तिच्याच हवाली केले. "ने, हा तुह्याच हाताले वळला हाय," ते म्हणाले.

तिसऱ्याच आठवड्यात मोठे काम आले. चंद्रपूरच्या अन्नपूर्णाबाई मोहफुलांचे लाडू बनवून विकत. त्यांना मोबाईलवर झळकणारी जाहिरात हवी होती, आणि त्यांनी कळवले होते: एक आदिवासी बाई, डोक्यावर पिसे, मागे ढोल आणि शेकोटी.

दुर्गा बराच वेळ तो निरोप वाचत राहिली. मग तिने श्रीहरी सरांना फोन लावला.

"सर, मोह वेचाले असं कोणी जात नाई."

"दुर्गा, गिऱ्हाईकाने मागितलं ते दे. पहिलंच मोठं काम आहे. आवडलं नाही तर मी तुला ठेवू शकणार नाही."

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, सर. नाई जमलं त पिसं लावतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आईबरोबर मोहाखाली गेली. झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा पडला होता. कलाबाई वाकून वेचत होती. दुर्गाने मोबाईलवर तिच्या हातांचे फोटो काढले आणि तिथेच मला उघडून त्यांची मांडणी केली. मायलेकी आपसांत गोंडी बोलतात. मी तुम्हाला इथल्या मराठीत सांगतो.

"आई, हे जाहिरातीत लावू का?"

"पहिले मले दाखव, मंग लावजो."

कलाबाईने पडद्याकडे निरखून पाहिले. "हात माहेच हायत. पण टोपली रिकामी दिसून राह्यली. लोक म्हणतील, बाई आत्ताच आली. थांब, भरू दे."

टोपली भरली. पुन्हा फोटो काढले. आणि खरेच, चित्र एकदम जिवंत झाले! त्याखाली दुर्गाने पाचसहा शब्द खोडून चार ठेवले: झाडाने टाकलं, आईने वेचलं.

पण गावात वीज गेली होती. माझ्या बॅटरीत आता वीसच मिनिटे उरली होती. मोबाईलला इंटरनेट मिळे ते फक्त शाळेच्या ओट्यावर. दुर्गा मला छातीशी धरून तिकडे धावली आणि मला मोबाईलशी जोडले. फाईल मोठी, ती मुंगीच्या पावलाने जाऊ लागली. ऊन चढले होते. मी इतका तापलो की आता बंद पडणार असे मला वाटू लागले. तेव्हा मागोमाग आलेल्या कलाबाईने धान पाखडायचे सूप घेतले आणि मला वारा घालू लागली. मित्रांनो, विमा कार्यालयात सहा वर्षांत मला कोणी फुंकरही मारली नव्हती. मी ठरवले, आता हटायचे नाही. बॅटरी दोन टक्क्यांवर असताना फाईल श्रीहरी सरांकडे पोहोचली, आणि मग माझा पडदा काळा झाला.

संध्याकाळी वीज आली, आणि सरांनी पाठवलेली जाहिरात पाहून अन्नपूर्णाबाईंचा फोनही.

"पिसं कुठे आहेत?"

दुर्गा म्हणाली, "बाई, माही माय पिसं लावून मोह वेचाले जात नाई. तुमच्या लाडवातली फुलं असेच हात वेचतात. मले खोटं दाखवता आलं नाई."

पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे हे तुझ्या आईचे हात?"

"हो."

"मग तिचं नाव का नाही खाली?"

नाव घातले गेले. आठवडाभराने कलाबाई एसटीने गडचिरोलीला निघाली होती. शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर ती जाहिरात आली. "हे माहे हात हायत!" ती म्हणाली. त्याने मोबाईल पाहिला, तिचे हात पाहिले आणि उठून खिडकीची जागा तिला दिली. घरी येऊन तिने ही गोष्ट तीनदा सांगितली. मी तिन्ही वेळा ऐकली.

दुर्गा आज त्या संस्थेत कायम आहे. गडचिरोलीत खोली घेऊन, तिथूनच नव्या यंत्रावर काम करते. मला तिने हरिदास सरांच्या वर्गाला दिले. इथे चंचल आणि दिव्यानी माझ्यावर शिकतात. कालच चंचलने सिंदेवाहीच्या आपल्या मामाच्या तांदळाची जाहिरात केली, आणि तांदूळ कुठला ते विचारायला आधी मामालाच फोन केला. मला फार अभिमान वाटला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा कपाटात पडला असेल. त्याला बाहेर काढा, त्याची धूळ मऊ कापडाने पुसा, झाकण हळू मिटा. आणि त्याच्यावर तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी करा. आम्हा यंत्रांना पिसे आणि शेकोट्या सहज उभ्या करता येतात. भरलेली टोपली मात्र तुम्हालाच दाखवावी लागते.