बातम्यांसकट सिनेमा

कॅसेटच्या पाठीवरची चौकोनी खाच अंगठ्याला लागली आणि मनोरमेचा पुसता हात थांबला — इथली प्लॅस्टिकची चकती तिनंच भाजीच्या सुरीनं मोडली होती, चुकूनसुद्धा कुणी वर दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून, आणि मोडताना सुरीचं टोक वाकलं म्हणून उदय दोन दिवस कुरकुरत होता... ती सुरी गेली, व्हीसीआर गेला, भोपाळच्या टी. टी. नगरातलं ते सरकारी क्वार्टर पाडून तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि ही खाच मात्र आहे तशी. तिनं कॅसेट पुसून पुन्हा कप्प्यात उभी केली.

टेबलावर फोन पालथा पडला होता. सकाळी सौरभचा मेसेज वाचल्याबरोबर तिनंच तो पालथा घातला होता, पण त्यानं काय होतंय, मेसेज पाठ झाला होता. "आई, सापडला!! आपला भाऊबीजवाला सिनेमा. कुणीतरी पूर्ण अपलोड केलाय, शेवटासकट. मी शेवट बघितला नाहीये, कसम से. कलेक्शन तुझं, तू ठरव — यंदा हाच लावायचा का?" आणि खाली निळ्या अक्षरांची लिंक. उद्या तो आणि त्याची बायको शमिका पुण्याहून येणार, परवा लेक प्राजक्ता इंदूरहून, आणि भाऊबिजेच्या दुपारी सगळे पोटभर जेवून टीव्हीसमोर आडवे होणार. तोवर ठरवायला हवं होतं.

"अगं, ते कपाटच आता कबाड्याला देऊन टाक," दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत उदय म्हणाला. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात उभा जन्म यंत्रं उघडून पुन्हा जोडण्यात गेला होता, पण ही माळ काही त्याला दाद देत नव्हती. "टीव्ही भिंतीवर गेला. कपाटाचं काय लोणचं घालायचंय?"

"तुमचा टूलबॉक्स आधी द्या, मग बघू."

"टूलबॉक्स लागतो."

"हेही लागतं," ती म्हणाली आणि फडकं झटकायला बाल्कनीत गेली.

लागतं म्हणजे... काय लागतं? या कपाटात फक्त दिवाळीचे सिनेमे होते. दिवाळीच्या सुट्टीत घरात सगळ्यांनी मिळून पाहिलेले तेवढेच. एरवी कितीही चांगला असला तरी त्याला इथं जागा नाही, हा नियम तिचा, आणि सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली लावलेल्या बाईचा नियम कोण मोडणार! आधी कॅसेटी आल्या. मग व्हीसीडी आल्या, एका सिनेमाच्या दोन-दोन, मधे उठून तबकडी बदलायची आणि तेवढ्यात चहा टाकायचा. मग डीव्हीडी, मग प्राजक्ताच्या नवऱ्यानं दिलेला पेन ड्राइव्ह, मग हार्ड डिस्क... दर वेळी वाटायचं की हे शेवटचं, आता हे कायमचं टिकणार, आणि दर वेळी दुकानदार दात काढून सांगायचा की हे मशीन आता येत नाही, आंटी. ती निमूटपणे सगळं पुन्हा नव्यात भरून घ्यायची. जुनंही टाकायची नाही. असू दे बाई, नव्याचा काय भरवसा, चार दिवस गाजावाजा आणि मग कुणी विचारत नाही.

या सगळ्यांत राजा एकच. तो भाऊबिजेचा सिनेमा. बहिणीनं मनासारखं लग्न केलं म्हणून भाऊ रुसला, लग्नाला गेलाच नाही. मग वर्षं लोटली, जीव राहीना, पण तोंड दाखवायची लाज वाटते... म्हणून पठ्ठ्या खोट्या मिशा लावून, आचारी बनून बहिणीच्याच घरी दिवाळीच्या फराळाला कामाला लागतो. चकल्या करता येत नाहीत, अनारसे तुपात विरघळतात, मेहुणा रोज त्याला हाकलायला निघतो आणि बहीण रोज म्हणते, राहू द्या हो, गरीब आहे बिचारा. आणि शेवटी भाऊबीज. बहिणीला वाटतं, भाऊ तर येत नाही, या आचाऱ्यालाच ओवाळू. तो पाटावर बसतो. ती निरांजन उचलते, त्याच्या तोंडाजवळ नेते, हात थबकतो, ती नीट निरखून बघते — आणि खर्रर्र, पडद्यावर मुंग्या.

कॅसेट संपली. जयंतदादाची कृपा. मनोरमेचा थोरला भाऊ नागपूरला, तिथं टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा आणि इथं भोपाळात नाही, म्हणून त्या वर्षी तिनं पत्र पाठवून सांगितलं होतं, मी येऊ शकत नाही, निदान सिनेमा तरी रेकॉर्ड करून पाठव, मधे बातम्या लागतील तेवढ्या वगळ. दादानं बातम्या वगळल्या नाहीत. अख्ख्या बातम्या, हवामानासकट, कॅसेटवर उतरल्या आणि तेवढा सिनेमा शेवटून कापला गेला. "पाहुणे आले होते गं, उठता नाही आलं," असं त्यानं कळवलं होतं. कॅसेट कुणाच्या तरी हाती रेल्वेनं आली, आणि भाऊबिजेला त्या मुंग्या बघून दोन्ही पोरांनी भोकाड पसरलं.

तेव्हा उदय उठून टीव्हीसमोर उभा राहिला होता. बनियनवर. हात वर करून म्हणाला, "रडू नका, मी सांगतो पुढं काय झालं. निरांजन जवळ आलं ना? मिशी पेटली!" आणि पेटलेली मिशी घेऊन तो खोलीभर असा धावला की पोरं हसून हसून लोळली. तिथून हे सुरू झालं. दर भाऊबिजेला मुंग्या आल्या की एकानं उठायचं आणि शेवट सांगायचा. सौरभच्या शेवटात कुत्रं येऊन मिशी ओढून नेई. प्राजक्ता कॉलेजात गेल्यावर तिच्या शेवटात बहिणीनं पहिल्या दिवसापासूनच ओळखलेलं असे आणि मुद्दाम त्याच्याकडून भांडी घासून घेतलेली असत. शमिकानं नवी सून म्हणून लाजत लाजत असं काढलं की तो भाऊ नव्हेच, खराच आचारी आहे, खरा भाऊ अजून बसस्टँडवर उभा आहे — त्या दिवशी सगळ्यांनी तिला घरातली म्हणून मान्य केलं. उदयची पाळी आली की दर वेळी मिशीच पेटे. बातम्याही सगळ्यांना पाठ. न्यू मार्केटातल्या स्टुडिओवाल्यानं व्हीसीडी करताना "समाचार मैंने हटा दिए मैडम, उसका पैसा नहीं लूँगा" असं मोठ्या उपकारानं सांगितलं, तेव्हा पोरांनी घर डोक्यावर घेतलं, आणि तिला परत जावं लागलं — भैया, समाचार वापस डाल दीजिए. तो माणूस किती वेळ तिच्याकडे बघत राहिला होता!

आणि मी? मी मशीन सांभाळायची. हेड पुसायचं, तबकडी फडक्यानं गोल गोल स्वच्छ करायची, रिमोट हातात धरायचा, आणि माझी पाळी यायची वेळ झाली की नेमकं स्वयंपाकघरात काही तरी करपायचं. दूध उतू जायचं. कुकर लावायचा राहिलेला असायचा. इतकी वर्षं एकदाही शेवट सांगितलेला नाही मी... येत नाही मला. घरात सांगणारे पुष्कळ आहेत, सांभाळणारं कुणी तरी हवंच की. पण गेल्या वर्षी प्राजक्तानं चक्क स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून सांगितलं होतं, "पुढच्या भाऊबिजेला आई. होऊन जाऊ दे एकदाचं. गॅस मी बंद करणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून तर ती लिंक. सुटका पालथी पडली होती टेबलावर. "लावा" एवढं लिहिलं की झालं. खरा शेवट आला की कुणाला उठावं लागणार नाही, तिलाही नाही... आणि यापुढं कधीच कुणालाही नाही. मिशी पेटणार नाही. शमिकाचा भाऊ बसस्टँडवरून कायमचा घरी जाणार. हे मनात आलं आणि तिला चक्क राग आला, त्या अपलोड करणाऱ्याचा, कोण कुठला रिकामटेकडा!

माळ नवीनच आणतो असं पुटपुटत उदय स्कूटर काढून गेला. चिवडा परातीत निवत होता, दुपार लख्ख होती. मनोरमेनं फोन सुलटा केला. नुसतं बघू, चित्र स्वच्छ आहे का एवढंच, असं स्वतःला सांगत तिनं लिंक दाबली, आणि बोटानं सरळ पार शेवटाकडे सरकवलं — बातम्या नव्हत्याच मधे, किती सुनंसुनं वाटलं. पाट. रांगोळी. निरांजन वर जातं, हात थबकतो, ती निरखून बघते... आणि मुंग्या आल्या नाहीत. इतकी वर्षं थांबलेला तो हात खरोखर पुढं गेला. मग भावानं आपल्या हातानं मिशी काढली, ताई, मला माफ कर म्हणून पाय धरले, मेहुण्यानं डोळे पुसले, सगळे ओळीनं उभे राहून गाणं म्हणाले. समाप्त.

"हात् मेल्या!"

रिकाम्या घरात ती हे मोठ्यांदा बोलली आणि स्वतःच दचकली. पण थांबली नाही. "असं कसं? स्वतःच काढून टाकलीस? मग ती निरखून कशाला बघत होती इतका वेळ? तिला विचारलंस का?" ती फोनशी भांडत होती. तिनं ओळखलेलं असतं! निरांजन जवळ नेताना तिला भुवई दिसते, डोळे दिसतात, लहानपणी झाडावरून पडल्याची खूण दिसते, आणि ती ओळखते, पण बोलत नाही. कारण बोलली, की तो भाऊ होणार. भाऊ म्हणजे पाहुणा, ओवाळून घेणार, ताटात काही टाकणार आणि संध्याकाळच्या गाडीनं निघणार, पुण्याला नाही तर इंदूरला नाही तर... आचारी आहे तोवर राहील. म्हणून ती आचारी समजूनच ओवाळते, आणि म्हणते, महाराज, उद्यापासून चकलीचं पीठ जरा घट्ट भिजवा. बस. एवढंच म्हणते... आणि चकल्या आयुष्यभर बिघडल्या तरी चालतील तिला.

मनोरमेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला हसूही फुटलं. हे कुठून आलं? हे माझ्याजवळ कधीपासून होतं? आपलं काही तरी हरवलेलं नव्हतंच, आणि तरी सापडलं, अशा खुशीत ती घरभर फिरली, चिवड्यात उगीच मीठ बघितलं. आणि परातीसमोर उभी असताना एकदम तिच्या लक्षात आलं, की नागपुरात संपली ती कॅसेट. दादाच्या टीव्हीवरचा सिनेमा कुठं संपला होता?

तिनं फोन लावला.

"बोल बाई," जयंतदादाचा आवाज आता जरा थकलेला होता. "फराळ झाला का सगळा?"

"होतोय. दादा, एक विचारू? तो आपला सिनेमा, त्यात शेवटी ती ओळखते का रे त्याला?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "मला काय माहीत? मला तर बातम्यातच झोप लागून गेली होती नं."

झोप. पाहुणे नव्हेत. मनोरमेनं तोंडावर हात धरला. दोन्ही थापा, म्हणजे याला शेवट माहीत होता. पोरं दर वर्षी नवा शेवट याला फोनवर सांगायची, जयंतमामा, या वेळी कुत्रं, जयंतमामा, या वेळी आग, आणि हा दर वेळी म्हणायचा, असंच झालं असंल बाप्पा, असंच झालं असंल... इतकी वर्षं. मग कधी सांगितलं का नाहीस? विचारावं असं ओठापर्यंत आलं तिच्या, आणि तिनं नाही विचारलं.

"का गं? तुला कुठं बघायला मिळाला का?" तो म्हणाला. आवाजात किंचित काळजी होती.

"नाही रे. मला कुठला मिळायला."

मग दादा खोकला आणि म्हणाला, "यंदा पाळी कोणाची?"

"माझी आहे म्हणतात."

"मग सांग नं. मला सांग आधी, मी ऐकतो."

गॅस बंद होता. कुकर झालेला होता. खाली कुणाची तरी स्कूटर वाजली, पण ती उदयची नव्हती. मनोरमेनं खुर्ची ओढली, बसली, मग पुन्हा उभी राहिली, कारण शेवट उभं राहूनच सांगतात आपल्याकडे. सौरभला काय कळवायचं ते अजून ठरलेलं नव्हतं, आणि मघाशी इतकं स्पष्ट दिसलेलं सगळं आता सांगायच्या वेळी सरकत होतं, बदलत होतं, त्या बहिणीला नव्यानंच काही तरी म्हणायचं होतं. छातीत धडधडत होतं, परीक्षेच्या हॉलमधल्यासारखं, पण पेपर सोपा निघाल्यावरचं.

"हं," ती म्हणाली, "तर निरांजन त्याच्या तोंडाजवळ येतं..." आणि पुढचं वाक्य काय असणार ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि याची तिला केवढी मजा वाटत होती.